लिपी घडवणारा निरक्षर

जगात आज वापरात असलेल्या बहुतेक लिप्यांचे जनक आपल्याला ठाऊक नाहीत. ब्राह्मी कोणी घडवली हे खात्रीने सांगता येत नाही. रोमन अक्षरे फिनिशियनांकडून ग्रीकांकडे आणि तिथून इट्रुस्कनांमार्फत रोमपर्यंत आली. देवनागरीला तिचे आजचे रूप असंख्य लेखनिकांच्या हातांनी शतकानुशतके दिले. ज्यांची नावे इतिहासाला माहीत आहेत असे लिपिकार थोडे, आणि त्यांतले बरेचसे विद्येच्या वातावरणात वाढलेले. कोरियन लिपी 1446 मध्ये जाहीर करणारा सेजोंग हा स्वतः विद्वान राजा होता, आणि त्याच्या पदरी पंडितांचा मोठा ताफा होता. कोणतीही लिपी लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने आपल्या भाषेसाठी संपूर्ण लेखनपद्धती उभी करावी, ही त्याहून कितीतरी दुर्मीळ घटना. विसाव्या शतकात ती व्हिएतनाम आणि लाओस यांच्या सीमेवरच्या डोंगरांत घडली. 1959 मध्ये शोंग लू यांग या ह्मोंग शेतकऱ्याने आपल्या लोकांसाठी एक लिपी सिद्ध केली. तेव्हा तो तिशीचा होता आणि शाळेची पायरी त्याने कधी चढली नव्हती. बारा वर्षांनी, 1971 मध्ये, त्याची हत्या झाली.

चरित्र विलक्षण आहे, म्हणून बहुतेक जण ते नवलकथा म्हणून सांगतात आणि पुढे जातात. पण या चरित्रातून भाषेच्या राजकारणातला एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. एखाद्या समाजाची बोली लिपिबद्ध करायची, तर ती कशी लिहायची हे कोणी ठरवायचे? या प्रश्नाचे जे उत्तर शोंग लू यांग यांच्या आयुष्याने दिले, ते भारतालाही लागू पडते आणि महाराष्ट्रालाही.

ह्मोंग हा मुळात दक्षिण चीनच्या डोंगराळ प्रदेशातला समाज. चिनी साम्राज्याशी झालेल्या दीर्घ संघर्षांमुळे आणि जमिनीच्या शोधात त्याच्या अनेक शाखा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत व्हिएतनाम, लाओस आणि थायलंड इथे उतरल्या. डोंगरमाथ्यावर जंगल जाळून फिरती शेती करणारा हा समाज खोऱ्यांतल्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीने नेहमीच परका राहिला. खोऱ्यातल्यांकडे राजा होता, दफ्तर होते, ग्रंथ होते. ह्मोंगांकडे यांतले काहीच नव्हते. त्यांचे सगळे शहाणपण मौखिक परंपरेत होते. मृताच्या आत्म्याला पूर्वजांच्या गावापर्यंतची वाट सांगणारे अंत्यविधीचे प्रदीर्घ गीत याच परंपरेतले.

लेखन नसल्याची ही सल त्यांच्या लोककथांत उतरली आहे. पूर्वी आपलीही पुस्तके होती, असे या कथा सांगतात. शत्रूपासून पळताना नदी ओलांडावी लागली आणि पुस्तके बुडाली, अशी एक कथा आहे. थकून झोपलेल्या माणसांची पुस्तके घोड्यांनी खाल्ली, असे दुसरी सांगते. बायकांनी ती अक्षरे कपड्यांवरच्या भरतकामात लपवून ठेवली आणि कालांतराने ती वाचायची कशी हेच विसरले गेले, अशीही एक कथा आहे. लिपी ही आपली हिरावली गेलेली मालमत्ता आहे आणि ती एक दिवस परत मिळणार आहे, ही भावना या सगळ्या कथांत समान आहे. लिपी गेली म्हणून राज्य गेले, ती परतली की मानही परतेल, अशी ही श्रद्धा. ती लक्षात घेतल्याशिवाय 1959 मध्ये जे घडले त्याचा अर्थ लागत नाही.

ह्मोंगांना लिपी देण्याचे प्रयत्न त्याआधी बाहेरच्यांनी केले होते. चीनमध्ये सॅम्युअल पोलार्ड या मिशनऱ्याने 1905 च्या सुमारास ह्मोंगांशी नाते असलेल्या एका समाजासाठी लिपी तयार केली होती. लाओसमध्ये 1951 ते 1953 या काळात लिनवुड बार्नी आणि विल्यम स्मॉली हे प्रॉटेस्टंट मिशनरी आणि ईव्ह बेर्त्रे हे कॅथलिक धर्मगुरू यांनी ह्मोंग सहकाऱ्यांच्या मदतीने रोमन लेखनपद्धती ठरवली. जगभरचे ह्मोंग आज मुख्यतः हीच पद्धती वापरतात. तिची युक्ती खरोखर चतुर आहे. ह्मोंग ही सुरांची भाषा. सूर बदलला की अर्थ बदलतो. 'पॉ' हा एकच उच्चार वेगवेगळ्या सुरांत केला तर चेंडू, काटा, बाई, आजी, प्लीहा, फेकणे आणि पाहणे असे सात अर्थ होतात. ह्मोंग शब्दावयव बहुधा स्वरान्त असतात, शेवटी व्यंजन येत नाही. म्हणून या तिघांनी शेवटची जागा सुरासाठी राखली. तिथे येणारे रोमन अक्षर उच्चारायचे नाही, त्याने फक्त सूर दाखवायचा. त्यामुळे वेगळी चिन्हे लागत नाहीत आणि साध्या टंकयंत्रावरही ह्मोंग मजकूर लिहिता येतो.

म्हणजे शोंग लू यांग यांच्या आधी काही वर्षे ह्मोंगला एक उत्तम, काटकसरीची लिपी मिळालेली होती. मग आणखी एक लिपी कशाला?

शोंग लू यांग यांनी स्वतः दिलेले उत्तर धार्मिक होते. आपल्याला दिव्य दूतांचा साक्षात्कार झाला आणि त्यांनी ही अक्षरे शिकवली, असे ते सांगत. त्याच काळात जन्मलेले आणि अल्पायुषी ठरलेले आपले जुळे मुलगे म्हणजेच ते दूत, अशी त्यांची श्रद्धा होती. एक लिपी ह्मोंगांसाठी आणि दुसरी त्यांच्या शेजारच्या ख्मू समाजासाठी, अशा दोन लिप्या आपल्याला मिळाल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. ख्मू लिपी पुढे टिकली नाही. जे लोक ही अक्षरे स्वीकारतील त्यांचा उत्कर्ष होईल आणि जे नाकारतील ते इतरांच्या गुलामीत राहतील, असे ते शिकवत. अनुयायी त्यांना लेखनाची माता म्हणू लागले.

आधुनिक वाचकाला या कथेपुढे अवघडल्यासारखे होते. मग दोन सोप्या पळवाटा समोर येतात. साक्षात्कार हा केवळ भाबडेपणा मानून बाजूला सारायचा आणि लिपीचे कौतुक करायचे, ही पहिली. सगळेच चमत्काराच्या खाती टाकून माणसाच्या बुद्धीचा विचारच करायचा नाही, ही दुसरी. दोन्हींमध्ये त्या माणसावर अन्याय होतो. साक्षात्कारामुळे त्यांना अधिकार मिळाला. ज्या समाजात निरक्षर शेतकऱ्याला भाषेबद्दल बोलण्याची मुभा कोणीच देत नाही, तिथे ती मुभा देवाकडूनच घ्यावी लागते. पश्चिम आफ्रिकेत 1830 च्या दशकात वाई भाषेची लिपी घडवणाऱ्या दुआलू बुकेले यांनीही ती आपल्याला स्वप्नात मिळाल्याचे सांगितले होते. पण अधिकार कुठूनही आलेला असो, लिपी घडवण्याचे काम बुद्धीनेच करावे लागते, आणि त्या बुद्धीचा पुरावा लिपीतच सापडतो.

या लिपीचे नाव फाहाउ. तिची रचना मराठी वाचकाला इतर कोणाहीपेक्षा लवकर उमगेल, कारण ती आपल्या लिपीच्या बरोबर उलट आहे. देवनागरीत व्यंजन हा अक्षराचा कणा असतो. स्वर त्याला काना, मात्रा, वेलांटीच्या रूपाने चिकटतो आणि काहीच चिकटले नाही तर 'अ' गृहीत धरला जातो. फाहाउमध्ये कणा स्वराचा आहे. स्वराचे चिन्ह आधी येते, त्यावर सुराची खूण असते आणि व्यंजन त्याच्यानंतर लिहिले जाते. व्यंजन लिहिलेच नाही तर 'क' गृहीत धरायचा. लिखाण डावीकडून उजवीकडे जाते, पण प्रत्येक शब्दावयवात डोळ्याला आधी स्वर दिसतो आणि जिभेवर आधी व्यंजन येते. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी आपणही 'क'च्या आधी काढतो आणि नंतर वाचतो. आपल्याकडे जो एका मात्रेपुरता अपवाद आहे, तो फाहाउचा सार्वत्रिक नियम आहे. स्वराला मुख्य आणि व्यंजनाला गौण मानणारी अशी पद्धती जगाच्या लेखन-इतिहासात जवळपास एकमेव आहे.

हे विचित्र वाटेल, पण ह्मोंग भाषेच्या अंगाने पाहिले तर त्यात मोठे शहाणपण आहे. या भाषेत सूर स्वरावर चढतो. तेव्हा ज्याचा कान कोणत्याही लिपीने घडवलेला नाही, त्याला स्वर आणि सूर मिळून झालेला भाग हाच अक्षराचा गाभा वाटावा, हे स्वाभाविक आहे. लाओ किंवा रोमन लिपी शिकलेल्या माणसाने आधी व्यंजन मांडले असते, कारण त्या लिप्यांनी त्याला तसेच ऐकायला शिकवले असते. फाहाउची काही चिन्हे रोमन वा लाओ अक्षरांसारखी दिसतात, पण त्यांच्या उच्चारांचा त्या अक्षरांशी काहीही संबंध नाही. कोणा सुशिक्षिताने मागून हात दिला असता, तर त्याच्या सवयींच्या खुणा या रचनेत राहिल्या असत्या.

लिपीत उणिवाही आहेत. एका मूळ आकाराला टिंब किंवा छोटी रेघ जोडून वेगवेगळी व्यंजने साधली आहेत, पण एका आकारातून निघालेल्या व्यंजनांचे आपसांत ध्वनिसाम्य नाही. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशा वर्गांत वर्णमाला पाठ केलेल्या आपल्याला ही व्यवस्था खटकेल. ती खटकावी हेही ठीकच आहे, कारण आपल्या वर्गांमागे शिक्षा-प्रातिशाख्य या उच्चारशास्त्राच्या ग्रंथांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्वत्परंपरा आहे आणि फाहाउमागे एक माणूस आहे.

शोंग लू यांग यांच्या प्रतिभेचा सर्वांत मोठा पुरावा मात्र नंतरच्या बारा वर्षांत आहे. त्यांनी लिपी एकदाच घडवून थांबवली नाही. 1959 च्या मूळ रूपानंतर 1965, 1970 आणि 1971 मध्ये त्यांनी तिची सुधारित रूपे दिली. सुरुवातीला चिन्हे पुष्कळ होती आणि सुरांच्या खुणांना नियम नव्हता. पुढच्या टप्प्यांत चिन्हे कमी झाली आणि एक खूण म्हणजे एक सूर ही शिस्त आली. शेवटच्या रूपात ती जवळजवळ पूर्ण झाली. आज प्रामुख्याने मधल्या दोन टप्प्यांची रूपे चालतात, कारण शेवटचे रूप शिकवायला त्यांना आयुष्य उरले नाही. देवाने दिलेल्या अक्षरांना हात लावायला सामान्य भक्त धजत नाही. या माणसाने त्या अक्षरांवर पुन:पुन्हा हात चालवला, त्यांतले पुनरुक्त ते काढले आणि अनियमित ते नियमात आणले. भाषेच्या ध्वनिव्यवस्थेचे हे विश्लेषण भाषाशास्त्राचा एकही धडा न घेतलेल्या माणसाने केले आहे.

हे सगळे कोणत्या काळात चालले होते, तेही पाहिले पाहिजे. लाओसमध्ये तेव्हा यादवी युद्ध पेटले होते. एका बाजूला पाथेट लाओ हे लाओसचे कम्युनिस्ट आणि उत्तर व्हिएतनामचे सैन्य, दुसऱ्या बाजूला राजाचे सरकार आणि त्याच्या मागे अमेरिका. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने जनरल वांग पाओ यांच्या नेतृत्वाखाली ह्मोंगांची फौज उभी केली होती आणि लोंग चेंग हे तिचे केंद्र होते. अशा रणात डोंगरातल्या एका माणसाभोवती शेकडो लोक जमतात आणि इतर कोणालाच न वाचता येणाऱ्या अक्षरांत लिहू लागतात, हे दोन्ही पक्षांना धोक्याचे वाटले. कम्युनिस्टांना ते राजाच्या बाजूचे वाटले. राजाच्या बाजूच्यांना ते कम्युनिस्टांचे हस्तक वाटले. 1967 मध्ये शोंग लू यांग यांना पकडून लोंग चेंगला कैदेत टाकण्यात आले. कैदेतूनही त्यांचा चिया कौआ वांग या शिष्याशी पत्रव्यवहार चालू राहिला आणि सुधारलेली लिपी त्या पत्रांतून बाहेर पोचत राहिली. पुढे ते सुटले, पण फेब्रुवारी 1971 मध्ये मारेकऱ्यांनी त्यांना गाठले. ही हत्या सरकारी बाजूच्या सैनिकांनी केली, असे त्यांच्या चरित्राचे अभ्यासक मानतात.

रोमन पद्धती आखणाऱ्या मिशनऱ्यांवर कोणी गोळी झाडली नाही. लिपीचा धोका अक्षरांच्या आकारात नसतो, हे यावरून कळते. खालच्या माणसाने कोणाची परवानगी न मागता लिहायला सुरुवात केली, हे सत्तेला सहन झाले नाही. लिपी म्हणजे केवळ उच्चार टिपण्याचे तंत्र असते, तर बंदुका घेतलेल्या दोन्ही बाजूंना ती एकाच वेळी नकोशी का व्हावी?

मे 1975 मध्ये वांग पाओ देश सोडून गेले आणि लाओस कम्युनिस्टांच्या ताब्यात गेला. हजारो ह्मोंग मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत पोचले आणि तिथून अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, फ्रेंच गयाना इथे विखुरले. डोंगरांत राहून लढत राहिलेल्या काही गटांनी फाहाउ जपली. चिया कौआ वांग अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट पॉल इथे स्थायिक झाले आणि तिथे त्यांनी ती शिकवण्याचे काम चालू ठेवले. पण व्यवहारात रोमन पद्धती जिंकली. तिला वेगळे टंक लागत नव्हते, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना ती लगेच जमत होती आणि देशोदेशी पांगलेल्या नातलगांशी पत्रव्यवहार तिच्यातून सहज होत होता. फाहाउचे लिहिते-वाचते थोडेच राहिले. 2014 मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत तिला स्थान मिळाले, तरी हे चित्र पालटलेले नाही.

या प्रवासातला एक अध्याय विद्येच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. फाहाउचा आणि तिच्या निर्मात्याचा सर्वांत सखोल अभ्यास विल्यम स्मॉली यांनी केला. रोमन पद्धती घडवणाऱ्या तिघांतले हेच ते स्मॉली. चिया कौआ वांग आणि न्यिया यी यांग या दोघा ह्मोंग सहलेखकांसह त्यांनी लिहिलेला या लिपीवरचा ग्रंथ 1990 मध्ये शिकागो विद्यापीठाने प्रसिद्ध केला. स्वतःच्या पद्धतीची प्रतिस्पर्धी असलेली लिपी, तीही त्यांच्या धर्माहून वेगळ्या साक्षात्कारातून आलेली. तिच्यातली प्रतिभा त्यांनी मोकळेपणाने मान्य केली आणि तिचे श्रेय तिच्या कर्त्याला दिले. आदिवासी भाषांवर काम करणाऱ्या बाहेरच्या अभ्यासकाने कसे वागावे, याचा हा वस्तुपाठ आहे.

आता आपल्या घरात पाहू. भारतातही असे लिपिकार झाले. मयूरभंजच्या रघुनाथ मुर्मू यांनी 1925 मध्ये संथाळीसाठी ओल चिकी घडवली. सोरा भाषेसाठी मांगेई गोमांगो यांनी 1936 मध्ये सोरांग सोम्पेंग आणि हो भाषेसाठी लाको बोद्रा यांनी वारांग क्षिती ही लिपी दिली. गोंडीसाठी बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये लिपी तयार केली. तेलंगणातल्या गुंजाळा गावी गोंडीच्या वेगळ्या लिपीतली जुनी हस्तलिखितेही मिळाली आहेत. संथाळी 2003 च्या 92व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आली आणि ओल चिकीत आज शाळेची पुस्तके आणि साहित्य छापले जाते. गोंडी मात्र 2011 च्या जनगणनेत सुमारे 29 लाख 80 हजार लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवूनही त्या अनुसूचीबाहेरच आहे. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या गोंड मुलाला शाळेत पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच भाषेत अक्षर गिरवावे लागते.

अशा लिप्यांचा विषय निघाला की आपल्याकडचे सुशिक्षित एक प्रश्न हमखास विचारतात. देवनागरी असताना आणखी लिपी कशाला? प्रश्नात तथ्य नाही असे नाही. नव्या लिपीला टंक लागतात, पुस्तके लागतात, शिक्षक लागतात. ती शिकलेले मूल शेजारच्या भाषेपासून थोडे दूर राहू शकते. गोंडीसारखी भाषा तर अनेक राज्यांत विखुरलेली आहे. कुठे ती देवनागरीत लिहितात, कुठे तेलुगू लिपीत, आणि त्यात दोन स्वतंत्र लिप्यांची भर पडली तर लिहिणाऱ्यांची शक्ती विभागली जाते. फाहाउचा इतिहास या भीतीला दुजोराच देतो. केवळ स्वतंत्र लिपीने भाषा तगत नाही. घरात बोलणारी मुले, वर्गात शिकवणारे शिक्षक आणि वाचण्याजोगा मजकूर यांनीच ती तगते.

तरीही हा प्रश्न चुकीच्या माणसाकडून विचारला जातो. देवनागरी पुरेशी आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार गोंडी बोलणाऱ्यांचा आहे, मराठी बोलणाऱ्यांचा नाही. ह्मोंगांनी अखेर बहुसंख्येने रोमन पद्धती स्वीकारली, यात शोंग लू यांग यांचा पराभव पाहण्याचे कारण नाही. त्या समाजापुढे आपल्यातल्याच एकाने घडवलेला पर्याय होता, आणि तो असूनही लोकांनी आपल्या सोयीने निवड केली. निवडीला अर्थ येतो तो पर्याय असल्यावर. आपल्या भाषेची घडण आपल्यालाच कळते आणि ती लिहिण्याची रीत आपणच ठरवू शकतो, हे शोंग लू यांग यांनी करून दाखवले.

त्यांच्या आयुष्यातून आणखी एक गोष्ट शिकायची आहे. निरक्षर म्हणजे अडाणी, हे समीकरण साक्षरतेच्या मोहिमांनी आपल्या मनात नकळत रुजवले. जो लिहू शकत नाही त्याला भाषेचे नियम कळत नाहीत, असे आपण गृहीत धरतो. पण सात सूर अचूक ओळखणारा, स्वर आणि व्यंजन वेगळे करणारा आणि बारा वर्षे आपल्याच रचनेतले दोष शोधून ते दुरुस्त करणारा हा शेतकरी भाषेचा पंडितच होता. त्याच्याकडे फक्त पदवी नव्हती. अशी माणसे आपल्या डोंगरपाड्यांतही असतील. कोरकू, माडिया, कोलामी, वारली बोलणाऱ्यांना आपण शिकवायला जातो, पण त्यांच्या भाषेबद्दल त्यांचे काय म्हणणे आहे हे फारसे विचारत नाही.

म्हणून शासनाला, विद्यापीठांना आणि आदिवासी भागांत काम करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला सांगणे एवढेच आहे. गोंडीचे पहिलीचे पुस्तक कोणत्या लिपीत काढायचे, हा निर्णय मुंबई-पुण्यात होऊ नये. तो गडचिरोलीच्या ग्रामसभांत, ती भाषा बोलणाऱ्यांनी घ्यावा. त्यांनी देवनागरी निवडली तर पुस्तके देवनागरीत छापा. त्यांनी आपली लिपी निवडली तर तिचे टंक, तिचे शिक्षक आणि तिची पुस्तके यांची सोय करा. निर्णय कोणताही झाला, तरी त्याचा खर्च उचलणे हे आपले कर्तव्य आहे.